बांध कोणी घालायचा?

आंबेगाव तालुक्यातील शिनोलीसारख्या गावात दोन भावांमध्ये बांधाचा तंटा उभा राहिला, तर मोजणीदार प्रत्यक्ष शेतावर येतो. जुन्या खुणा पाहिल्या जातात, लगतच्या खातेदारांना बोलावले जाते आणि मगच हद्द कायम होते. कोरियासारख्या प्राचीन राष्ट्राच्या वाट्याला एवढाही न्याय आला नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरणागतीच्या उंबरठ्यावर असताना वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी एका मासिकाचा नकाशा पुढे ठेवून ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढली. उत्तरेला सोव्हिएत सैन्य, दक्षिणेला अमेरिकी. ज्यांची भूमी चिरली जात होती, त्या कोरियनांना कोणी विचारलेही नाही.

महायुद्ध संपले होते, पण विजयाची सूत्रे दोन महासत्तांच्या हाती गेली होती. युरोपात जर्मनी दुभंगला, आशियात कोरिया. १९४८ मध्ये तेथे दोन शासने उभी राहिली आणि २५ जून १९५० रोजी युद्ध पेटले. एका बाजूस अमेरिका, दुसऱ्या बाजूस चीन आणि त्यामागे सोव्हिएत रशिया. लक्षावधी माणसे प्राणास मुकली. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला, तेव्हा सैन्ये जवळजवळ त्याच जुन्या रेघेपाशी उभी होती.

या युद्धविरामाच्या वाटेतील सर्वांत मोठा अडसर होता तो मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा. त्यांचा सांभाळ करण्याचे दायित्व भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, तर सुमारे ६ हजार भारतीय जवानांच्या दलाचे नेतृत्व कोल्हापूरच्या मातीतील मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते. बावीस हजारांहून अधिक प्रक्षुब्ध कैदी त्यांच्या स्वाधीन झाले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिल्याने त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या छावणीत शिरले आणि त्याला सोडवून आणले. भारताच्या तटस्थतेची जगात झालेली प्रशंसा या सैनिकांच्या शिस्तीने आणि धैर्याने मिळवलेली होती.

दिल्लीने मात्र त्यातून निराळाच बोध घेतला. नैतिक प्रतिष्ठा हेच संरक्षण आहे, अशी समजूत रुजली. पुढे पूर्व विभागाचे सेनापती झालेल्या थोरातांनी १९५९ मध्ये ईशान्य सीमेवरील चिनी धोक्याचा आणि आपल्या तोकड्या सिद्धतेचा आराखडा सरकारपुढे मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो बाजूस सारला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले. त्या वेळी दोन्ही महासत्ता क्यूबाच्या पेचप्रसंगात गुंतल्या होत्या. महिन्याभरात, १९ नोव्हेंबरला, अलिप्ततेच्या उद्गात्या पंतप्रधान नेहरूंना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांचे साहाय्य मागावे लागले.

अलिप्ततेचा विचार चुकीचा नव्हता. कोणत्याही महासत्तेच्या दावणीला न बांधता स्वतःच्या हिताचा निर्णय स्वतः घेणे हे स्वाभिमानी राष्ट्राचे लक्षणच आहे. चूक होती ती त्या विचाराला सामर्थ्याची जोड न देण्यात. ज्याच्या हाती बळ नाही, त्याची तटस्थता इतरांच्या सोयीपुरतीच टिकते.

कोरियात आजही शांतता करार झालेला नाही. १९५३ चा युद्धविरामच चालू आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये लयास गेला, तरी त्याच्या काळात पडलेली ती फूट सांधली गेली नाही. आता स्पर्धा अमेरिका आणि चीन यांच्यात आहे. बंदरे, कर्जे, संगणकाच्या चिप आणि समुद्रमार्ग ही तिची नवी रणांगणे आहेत, आणि आशियातील लहानमोठ्या देशांना पुन्हा बाजू निवडण्यास सांगितले जात आहे. अशा वेळी भारताने मैत्री सर्वांशी ठेवावी, पण शस्त्र, धान्य आणि तंत्रज्ञान यांसाठी कोणाच्या दारी उभे राहण्याची वेळ येऊ देऊ नये. सीमेवरून सावध करणाऱ्या सेनापतीचे म्हणणे वेळीच ऐकले जावे, हे त्याहून महत्त्वाचे. आपल्या बांधाची राखण जो स्वतः करीत नाही, त्याच्या शेताची मोजणी परके करतात, आणि तीही त्याला न बोलावता.