पैसे घेतो म्हणून हुर्यो सोसायची?

25 सप्टेंबर 2021. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातले नॉर्मन शहर. ओक्लाहोमा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ घरच्या मैदानावर वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध खेळत होता. संघ देशात चौथ्या क्रमांकावर होता आणि त्या मोसमात एकही सामना हरलेला नव्हता. तरीही सामना सुरू असतानाच विद्यार्थ्यांच्या गॅलरीतून घोषणा उठली, ‘आम्हाला केलेब हवा!’

केलेब विल्यम्स हा राखीव क्वार्टरबॅक. वय 19. ज्याच्या जागी तो हवा होता, तो स्पेन्सर रॅटलर त्याच मैदानावर खेळत होता आणि ते सगळे ऐकत होता. तीन दिवसांनी त्याला 21 वर्षे पूर्ण होणार होती. घोषणा देणारे परके नव्हते. त्याच विद्यापीठात शिकणारी, साधारण त्याच्याच वयाची मुले होती ती. ओक्लाहोमाने हा सामना शेवटच्या क्षणी 16-13 असा जिंकला. रॅटलरने 36 पैकी 26 पास आपल्या खेळाडूंच्या हाती पोहोचवले होते.

आपल्याला क्रिकेटमुळे हे चित्र अनोळखी नाही. तरीही मी मुद्दाम कॉलेज फुटबॉलबद्दल लिहितो आहे. तिथे खेळाडू विद्यार्थी आहे आणि त्याची हुर्यो उडवणारेही बऱ्याचदा विद्यार्थीच आहेत. विद्यापीठ नावाची संस्था या सगळ्याची यजमान आहे. महाराष्ट्रातून शिकायला गेलेली कितीतरी मुले अशाच विद्यापीठांत आहेत आणि शनिवारी त्याच गॅलऱ्यांत बसतात. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी अगदीच लांबचा नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन्ही बाजूंनी 11-11 खेळाडू असतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे असते. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. पास द्यायचा असेल तर त्याच्याकडे साधारण तीन सेकंद असतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसे त्याला आडवे करायला धावत असतात. त्यांना अडवायचे काम त्याच्या पाच धिप्पाड साथीदारांचे. ठरलेल्या वाटेने पळत जाऊन ठरलेल्या जागी पोहोचायचे काम रिसीव्हरचे. कोणती चाल खेळायची हे बहुतेक वेळा प्रशिक्षक ठरवतो.

यातला एक दुवा निसटला की चाल फसते. अडवणारा कमी पडला, तर क्वार्टरबॅक घाईत चेंडू फेकतो. रिसीव्हर डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळला, तर पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. चालच चुकीची निवडली असेल, तर तो काहीच करू शकत नाही. पण प्रेक्षकाला दिसते ते शेवटचे दृश्य, म्हणजे त्याच्या हातून सुटलेला चेंडू. आकडेवारीतही इंटरसेप्शन त्याच्याच नावावर लागते. रिसीव्हरने कुठे असायला हवे होते हे संघाबाहेरच्या कुणालाच नक्की माहीत नसते. म्हणजे अकरा जणांचा आणि प्रशिक्षकाचा हिशेब एकाच मुलाच्या नावावर चढतो, आणि तो आपण खरा मानून चालतो.

मग त्याच्यावर टीकाच करायची नाही का? जरूर करायची. रिसीव्हर मोकळा असताना दिसला नाही, चेंडू गरजेपेक्षा जास्त वेळ हातात ठेवला, दोघांनी घेरलेल्या खेळाडूकडेच पास दिला, ही टीका आहे. ती एका कृतीबद्दल आहे. चित्रफीत पुन्हा पाहून ती तपासता येते, खोटीही ठरवता येते. शिवाय तिच्यात सुधारणेची वाट दाखवलेली असते. ‘हा भित्रा आहे’, ‘याच्या डोक्यात हवा गेली आहे’, ‘याला हाकला’ यातले काय तपासणार? याला मी टीका म्हणत नाही. ही हुर्यो आहे. टीका कामाची होते, हुर्यो माणसाची.

रॅटलरच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट मैदानावर येण्याआधीच सुरू झाली होती. शाळेच्या शेवटच्या वर्षात तो नेटफ्लिक्सच्या ‘क्यूबी 1’ या माहितीपट मालिकेत दिसला होता. त्यातल्या त्याच्या वागण्यावरून तो गर्विष्ठ आहे असे अनेकांनी ठरवून टाकले. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या बोलण्यातली फुशारकी वयाबरोबर गळून पडते, हे घरात मुले असणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण पडद्यावरचा शिक्का पुसला जात नाही. पुढे त्याचा पास चुकला की लोकांना चुकलेला पास दिसत नसे, जुना गर्विष्ठ पोरगा दिसत असे.

आता सगळ्यात ताकदीचा युक्तिवाद घेऊ. तो असा की, ही मुले आता पैसे कमावतात, मग बोलणी खायची तयारीही ठेवावी. यात तथ्य आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. 1 जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरू देऊन जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्या मोसमात रॅटलर अशा करारांच्या बाबतीत आघाडीच्या खेळाडूंपैकी एक होता. पुढे जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. तेव्हा बिचारा गरीब विद्यार्थी हे चित्र बड्या संघांच्या क्वार्टरबॅकला आता लागू पडत नाही, हे मान्य.

पण पैसे घेतल्याने नेमके काय विकले जाते? एसटीचा चालक पगार घेतो. गाडी उशिरा आणली तर त्याची तक्रार करता येते, चौकशी होते, वेळ आली तर कारवाईही होते. म्हणून स्टँडवर जमून त्याच्या नावाने शिमगा करायचा हक्क प्रवाशांना मिळतो का? मास्तरांना पगार मिळतो म्हणून वर्गाने त्यांची टर उडवावी का? मोबदला घेणारा आपल्या कामाचा जाब द्यायला बांधील असतो. इज्जत त्या व्यवहारात आलेली नसते. क्वार्टरबॅक वाईट खेळला तर त्याला बाकावर बसवा, पुढचा करार देऊ नका, तो वाईट खेळला असे स्पष्ट लिहा. जबाबदारीचा अर्थ इतकाच होतो आणि तो पुरेसा कठोर आहे.

आणि पैशाचीच गोष्ट काढायची तर ती सगळ्यांना लावा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. खेळाडूंना जाहिरातीची मुभा नव्हती, त्या सगळ्या वर्षांतही क्वार्टरबॅकची हुर्यो उडतच होती. तेव्हा कारण पैसा नव्हता. पैसा हे नंतर सापडलेले निमित्त आहे.

या पैशाला आणखी एक फाटा फुटला आहे. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला बांध घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला. त्यानंतर एकेक राज्य सट्टा कायदेशीर करत गेले. आता एखादा क्वार्टरबॅक किती यार्ड पास देईल, यावरही पैसे लागतात. पैज हरलेला माणूस त्या पोराला थेट फोनवर गाठतो आणि शिव्या घालतो, धमक्या देतो. प्रकार इतका वाढला की कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने 2024 मध्ये राज्यांकडे मागणी केली की, एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर सट्टा घेणे बंद करा. ओहायोसह काही राज्यांनी ते बंद केलेही. आज संघप्रेमाच्या नावाखाली जे खपते, त्यात बुडालेल्या पैशांचा राग किती, हे विचारायला हवे.

दुसरा युक्तिवाद असा की, प्रेक्षकांच्या दबावाने खेळाडू सुधारतो. या खेळात तर तो उलटा पडतो. क्वार्टरबॅक आवाजी हुकूम देऊन साथीदारांना चाल सुरू करण्याचा इशारा देतो. म्हणून घरच्या प्रेक्षकांचा जुना रिवाज आहे की, आपल्या संघाकडे चेंडू असताना शांत बसायचे आणि प्रतिस्पर्ध्याकडे असताना कानठळ्या बसवायच्या. गोंगाट हे शत्रूसाठी राखून ठेवलेले हत्यार आहे. ऐंशी हजार आसनांच्या स्टेडियममध्ये आपल्याच पोराविरुद्ध घोषणा देणे म्हणजे ते हत्यार घरातच चालवणे.

यावर कुणी म्हणेल, जमाव बरोबर ठरला ना! हा आक्षेप खरा आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी डल्लासमध्ये टेक्सासविरुद्ध ओक्लाहोमा 28-7 असे मागे पडले. रॅटलरने दोनदा चेंडू गमावला होता. प्रशिक्षक लिंकन रायली यांनी त्याला काढून विल्यम्सला पाठवले आणि ओक्लाहोमाने तो सामना 55-48 असा फिरवला. विल्यम्स अफलातून खेळला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठाकडून त्याने हाइसमन ट्रॉफी जिंकली. खेळाडूची पारख करण्यात गॅलरी चुकली नव्हती, हे मी मानतो.

पण रायली यांनी जे केले आणि गॅलरीने जे केले, त्यात फरक आहे. रायली यांनी त्या दिवसाचा खेळ पाहून निर्णय घेतला. तो निर्णय रॅटलरला कितीही झोंबला असला तरी त्यात अपमान नव्हता. उलट त्याच सामन्यात शेवटच्या सत्रात ओक्लाहोमा 41-39 असे मागे असताना बरोबरीसाठी दोन गुणांचा एकच प्रयत्न हाती होता. त्या एका चालीसाठी रायली यांनी रॅटलरलाच मैदानावर पाठवले. त्याने पास दिला, तो झेलला गेला, 41-41 झाले. कामाचा हिशेब करणाऱ्याला आज बसवलेला माणूस थोड्याच वेळात पुन्हा उपयोगी पडू शकतो हे दिसते. हुर्योला ते दिसत नाही, कारण तिने माणूसच निकालात काढलेला असतो.

काही आठवड्यांतच रायली सदर्न कॅलिफोर्नियाला निघून गेले. रॅटलर साउथ कॅरोलिनाला गेला. फेब्रुवारी 2022 मध्ये विल्यम्सही रायली यांच्या मागोमाग गेला. गॅलरीने ज्याला मागितले होते तोही नॉर्मनमध्ये राहिला नाही. घोषणेमुळेच सगळे गेले असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाची कारणे वेगळी होती. पण निष्ठेचा हक्क सांगणाऱ्यांनी आपणही निष्ठा देणे लागतो, हे विसरू नये.

साउथ कॅरोलिनातही रॅटलरला पहिले काही आठवडे जडच गेले. नंतर नोव्हेंबर 2022 मध्ये त्याने पाचव्या क्रमांकावरच्या टेनेसीविरुद्ध 438 यार्ड आणि सहा टचडाउन पास दिले. संघ 63-38 असा जिंकला. पुढच्या आठवड्यात क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर 31-30 असे हरवले. 2024 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेला.

ही गोष्ट ऐकून ‘बघा, शेवटी त्याने दाखवून दिले’ असे म्हणायचा मोह होतो. मला तो मोह धोक्याचा वाटतो. समजा, तो टेनेसीविरुद्धही अपयशी ठरला असता, पुन्हा कधी चांगला खेळलाच नसता, तर नॉर्मनची हुर्यो योग्य ठरली असती का? नाही. माणसाच्या इज्जतीला पुढच्या यशाची हमी लागत नाही. बहुतेक मुले रॅटलरसारखी परत उभी राहत नाहीत. ती बाकावरच राहतात, पदवी घेतात आणि कुठेतरी नोकरीला लागतात. त्यांच्यासाठी कुणी माहितीपट काढत नाही. हुर्यो मात्र त्यांनीही ऐकलेली असते.

म्हणून माझे मागणे तीन जणांकडे आहे. पत्रकार आणि माजी खेळाडूंनी पास चुकला तर कुणामुळे चुकला हे आधी शोधावे, मग हवे तेवढे कडक लिहावे. विद्यापीठांनी तिकिटे आणि टीशर्ट विकताना दाखवलेली तत्परता आपल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहतानाही दाखवावी. धमकीची तक्रार खेळाडूने एकट्याने निस्तरायची गोष्ट नव्हे. आणि गॅलरीत बसणाऱ्यांनी, आपल्या घरातून तिथे गेलेल्या मुलांनीही, तोंड उघडण्याआधी एवढेच पाहावे की आपण खेळाबद्दल बोलतो आहोत की पोराबद्दल. खेळाबद्दल असेल तर खुशाल बोला.