धुराच्या नळींतील प्लॅटिनम

ज्याच्या अंगणांत एकहि स्कूटर वा मोटारसायकल उभी नाहीं, असें घर आतां छत्रपति संभाजीनगरांत शोधावेंच लागेल. शहरालगत वाळूज येथें १९८५ मध्यें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून कितीतरी गाड्यांचें हें गांव माहेर झालें आहे. गाडीची किंमत, तिचा रंग, ती पेट्रोल किती पिते, यांची चर्चा घरोघर होते. परंतु तिच्या धुराच्या नळींत जो चिमूटभर मौल्यवान धातु असतो, त्याची वार्ताहि बहुधा कोणास नसते. वास्तविक घरांतील लहान मुलांवर त्याचे मोठे उपकार आहेत.

जो पदार्थ इतर पदार्थांमधील क्रियेचा वेग वाढवितो, पण स्वतः मात्र खर्ची पडत नाहीं, त्यास रसायनशास्त्रांत ‘उत्प्रेरक’ म्हणतात. लग्न जुळवून देऊन आपण बाजूस होणारा मध्यस्थच म्हणाना! बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८३५ मध्यें या गुणास नांव दिलें.

इंजिनांत पेट्रोल पुरतें जळत नाहीं. त्यामुळें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु, अर्धवट जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें बाहेर पडतात. पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांच्या नळींत मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते, आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा अतिसूक्ष्म लेप असतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणु प्लॅटिनमला चिकटतो. शेजारीं ऑक्सिजनचा रेणु येऊन त्याचे दोन अणु सुटे होतात. त्यांतील एक पहिल्यास मिळतो, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, आणि जागा पुढच्या पाहुण्यासाठीं मोकळी होते. पृष्ठभागावरील अशा क्रियांचा उलगडा केल्याबद्दल गेरहार्ट एर्टल यांस २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु या पाटावर शिसें येऊन बसलें, कीं तें उठत नाहीं. थोड्याच काळांत उत्प्रेरक निकामी होतो. इंजिनानें ठोके देऊं नयेत म्हणून पूर्वीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळीत असत. उत्प्रेरक वांचवावयाचा, तर शिसें काढणें भागच होतें. अमेरिकेंत १९७५ च्या मोटारींपासून ही जाळी आली व बिनशिशाचें पेट्रोल वाढूं लागलें. १९७६ ते १९८० या अवधींत तेथील लोकांच्या रक्तांतील शिसें एकतृतीयांशाहून अधिक घटलें. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या मोटारींस ही जाळी सक्तीची झाली, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचें पेट्रोल बंद झालें. शिशाची कोणतीहि मात्रा बालकाच्या मेंदूस निर्धोक म्हणतां येत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या नियमाचें मोल कळेल. धातूच्या रक्षणासाठीं केलेली तजवीज मुलांच्या रक्षणास आली!

आतां गृहस्थांनीं काय करावें? मोठ्या आवाजाच्या हौसेनें तरुण मंडळी मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवितात. पुष्कळ गाड्यांत ती जाळी त्याच नळींत असल्यानें तीहि जाते. ही हौस घरच्या वडीलधाऱ्यांनीं वेळींच आवरावी. इंजिन अडखळत असेल, तर दुरुस्ती लांबवूं नये. न जळलेलें पेट्रोल जाळींत पेटून ती वितळूं शकते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही जाळी सुमारें २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्यावांचून नीट कामास लागत नाहीं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून नातवाला पुढें बसवून बंद पडवींत गाडी सुरू ठेवणें सर्वथा टाळावें. गाडी आधीं उघड्यावर न्यावी, मगच सुरू करावी. उत्प्रेरक कितीहि उपकारी असला, तरी थंड असतांना त्याच्यावर विसंबतां येत नाहीं.