सिमकार्डाचे म्हणणे ऐकणार कोण?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही जण मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. तिथे वर्गणीतून घेतलेला जुना लॅपटॉप आहे. त्यात मोडेम आतच बसवलेला असून सिमकार्ड घालायची खाच आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावरच भरले जातात. गेल्या महिन्यात ऐन मुदतीच्या तोंडावर इंटरनेट बंद पडले. पाहतो तर शिल्लक पैसे रोज थोडेथोडे कापले जात होते. गाण्यांची कसलीशी सेवा कोणाच्या तरी हातून चालू झाली होती. हे पैसे बिडी वळणाऱ्या आयाबहिणींच्या वर्गणीतले!

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सिमच्या मेनूतून सेवा बंद करा." लॅपटॉपवर मेनूच दिसेना. एका मुलाने मोडेमला थेट आदेश पाठवले. उत्तर एकच : एरर. सगळे म्हणाले, कार्ड खराब झाले, फेका.

आम्ही पडलो कारकून. आवक-जावकीच्या भाषेत सांगतो. सिमकार्ड हा छोटा संगणकच असतो; पण तो स्वतःहून बोलू शकत नाही. यंत्र सुरू होताच ते कार्डाला कळवते की, मला मेनू दाखवता येतो, संदेश पाठवता येतो वगैरे. याला 'टर्मिनल प्रोफाइल' म्हणतात. यंत्राने मेनूचे नावच घेतले नाही, तर कार्डही मेनू पाठवत नाही. कार्डाला काही सांगायचे असले की ते उत्तरात ९१ हा आकडा देते. मग यंत्राने तो आदेश मागून घ्यायचा, पार पाडायचा आणि पोच द्यायची. याला सिम टूलकिट म्हणतात.

लॅपटॉपमधला मोडेम पुष्कळदा हे टपाल मधल्या मध्ये स्वतःच निकालात काढतो. आपल्या टेबलापर्यंत कागद येतच नाही. काही नव्या मोडेमना 'एटी' आदेश समजतच नाहीत. त्यांची बोली 'एमबीआयएम' आहे. कधी दुसराच प्रोग्राम मोडेमचा पोर्ट अडवून बसलेला असतो.

म्हणून क्रमाने पाहावे. आधी लॅपटॉप बंद करून कार्ड साध्या फोनमध्ये घालावे. तिथे मेनू आला तर कार्ड ठीक आहे. मग लॅपटॉपवर मोडेम वापरणारा दुसरा प्रोग्राम थांबवून नुसता 'एटी' पाठवावा. 'ओके' आले आणि टूलकिटच्या आदेशाला मात्र एरर आली, तर बहुधा मोडेममध्ये ती सोयच नाही. रात्र जागवू नये. पिन अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकल्यास कार्ड अडते आणि पुढे पुक क्रमांक दहादा चुकला तर कायमचे निकामी होते.

शेजारच्या काकाजींच्या बटणाच्या फोनमध्ये कार्ड घातले, मेनू उघडला, सेवा बंद केली. पोरीचा अर्ज मुदतीत गेला.

वाचकहो, फोनवर अचानक चौकट आली तर वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नका. ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय अशी सेवा चालू करू नये, असा आदेश ट्रायने २०१३ मध्येच दिला आहे. पैसे कापले गेले तर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.