रस्त्याकडेचा क्रूस

मुंबईचे क्रॉस मैदान सर्वांना ठाऊक. ज्या जुन्या दगडी क्रुसावरून ते नाव पडले, तो किती जणांनी पाहिलाय? १८९६ च्या प्लेगात गिरगाव, माझगाव, वांद्र्याच्या वाड्यांतून असे अनेक क्रूस उभे राहिले. साथ टळावी म्हणून शेजारीपाजारी तिथे जमून प्रार्थना करीत. काहींवर शिडी, हातोडा, खिळे कोरलेले दिसतात, खाली साल. आता वर ऑइलपेंट चढतो, टाइल्स बसतात आणि अक्षरे बुजतात. भक्तीने केले तरी ते नुकसानच! वीरगळांना शेंदूर फासून आपणही तेच केले. आणि हा ठेवा परका नव्हे. ईस्ट इंडियनांची बोली मराठीच आहे. तेव्हा मंडळी, रंग चढण्याआधी आपल्या गल्लीतल्या क्रुसावरचे साल तेवढे उतरवून ठेवा.