मला नंतर आठवण करून द्या

आमच्या ऑफिसात दर तिमाहीला एक आलेख दाखवतात. आडवे महिने, उभे नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर गेलेले लोक. रेघ वर चढली की सगळे खूश. जे गेले नाहीत त्यांना आमच्यात ‘लॅगार्ड’ म्हणतात, म्हणजे मागे रेंगाळणारे. हा शब्द मीसुद्धा मीटिंगमध्ये बिनदिक्कत वापरलाय. त्यातल्याच एका लॅगार्डला मी घरी पप्पा म्हणतो.

पप्पांचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, गणपती मंडळाची पावतीपुस्तकं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो, तर त्यांच्या मशीनवरची जुनी सिस्टीम बघून मला इंजिनिअर म्हणून लाज वाटली. त्यांना न विचारता रात्रीत नवी टाकली. सकाळी मराठी फॉन्टचा डोंगल ओळखला जाईना. वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली उघडायच्या, पण मुहूर्ताच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा कचरा. तुळशीचं लग्न दहा-बारा दिवसांवर, म्हणजे सराई तोंडावर. पप्पा एवढंच म्हणाले, “तू टाकलंयस म्हणजे चांगलंच असेल रे. पण शिंद्यांची पत्रिका उद्या द्यायचीय.”

दोन रात्री घालवून मी जुनी सिस्टीम परत बसवली. चूक सरळसरळ माझी होती. ती नुसती घाईची नव्हती, हे कळायला मात्र वेळ लागला. ‘लोक नवी सिस्टीम घेत नाहीत कारण ते घाबरतात, आळशी असतात, त्यांना समजत नाही’ हे मी गृहीतच धरलं होतं. आमचा अख्खा धंदा ते गृहीत धरतो. आणि ते खोटं आहे.

लॅगार्ड हा शब्द लोकप्रिय केला एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने, १९६२ च्या ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ या पुस्तकात. त्याच्या मुळाशी आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका किती लवकर घेतला याचा १९४३ मधला अभ्यास होता. (संकरित मक्याचं बियाणं घरचं धरून चालत नाही, दरवर्षी विकत घ्यावं लागतं. हे वाचून मला सबस्क्रिप्शन आठवलं.) गंमत म्हणजे पुढे रॉजर्सनेच लिहिलं, की या संशोधनात दोन दोष मुरलेले आहेत. नवं ते चांगलंच असं धरून चालणं, आणि ते कुणी घेतलं नाही तर दोष व्यवस्थेत न शोधता त्या माणसात शोधणं. आमच्या स्लाइडांमध्ये रॉजर्सचा घंटेसारखा आलेख असतो. ही पानं कुणी उघडलेली नसतात.

रेघ वर कशी चढते ते बघा. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली, वर्षभर फुकट. दोन-तीन वर्षांत १०० कोटी उपकरणांवर न्यायची, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. २०१६ मध्ये अपग्रेडची खिडकी अशी झाली, की लाल फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. आयुष्यभर आपण फुली म्हणजे ‘नको’ शिकलो, इथे फुली म्हणजे ‘बरं’. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक बाईंचा संगणक अपग्रेडनंतर चालेनासा झाला. त्यांनी दावा लावला आणि १०,००० डॉलर मिळवले. पुढे कंपनीच्याच बड्या अधिकाऱ्याने आपण जरा अती केलं हे मान्य केलं. एवढं ढकलूनही १०० कोटींचा आकडा आला मार्च २०२० मध्ये.

मग २०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि उलटाच खेळ सुरू झाला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६ चा धडधाकट लॅपटॉप बाद. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आणखी एक वर्ष सुरक्षेचे पॅच हवेत? तीस डॉलर द्या, किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवा. काल ज्याला नको होतं त्याच्यावर लादलं, आज ज्याला हवंय त्याला दाराबाहेर उभं केलं. आलेखात दोघांची नोंद ‘ग्राहकाचा निर्णय’ अशीच.

हातातल्या फोनचंही तेच. आयफोनवाले झटपट अपडेट करतात म्हणून ते पुढारलेले, असं नाही. तिथे फोन आणि सिस्टीम एकाच कंपनीची, सगळ्यांना एकदम पोचते. अँड्रॉइड गूगलकडून निघून चिपवाल्याकडे, तिथून फोनवाल्याकडे फिरत येतं, आणि स्वस्त फोनपर्यंत पुष्कळदा येतच नाही. सात वर्षं अपडेट देण्याचं वचन पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला मिळालं. दहा हजारांच्या फोनवाल्याला ‘तू अपडेट का करत नाहीस’ विचारणं म्हणजे एसटी न येणाऱ्या फाट्यावर उभ्या माणसाला ‘उशीर का’ विचारणं.

यावर माझे सहकारी एकच हुकमी पत्ता काढतात: सुरक्षा. पत्ता खरा आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. जुनं, उघडं मशीन नेटला जोडून ठेवणं धोक्याचंच. पण भोक बुजवणं वेगळं आणि घर बदलायला लावणं वेगळं. पॅच हवा असेल तर नवा मेन्यू, नव्या जाहिराती, नवं खातं आणि जमल्यास नवा लॅपटॉपही घ्या, ही सांगड सुरक्षेने घातलेली नाही, विक्रीने घातलीय.

आणि रेंगाळणाऱ्यांचीच यादी करायची तर बँकांपासून करा. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. तरी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं, की सगळी एटीएम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालू आधार असलेल्या सिस्टीमवर आणा. बँकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, असं त्यावर कुणी लिहिलं नाही. त्यांना ‘खर्च’ असतो, ‘जुनी यंत्रणा’ असते. पप्पांनाही तेच असतं, डोंगलसकट.

मागच्या महिन्यात आमच्या ॲपसाठी जुन्या अँड्रॉइडचा आधार काढायचं ठरलं. कोडमध्ये फक्त एक आकडा बदलायचा असतो, पाच मिनिटांचं काम. मी विचारलं, यातल्या किती जणांना अपडेट नकोय आणि किती जणांना मिळतच नाहीये? मॅनेजर म्हणाला, तसा कॉलम नाहीये. मी म्हटलं, मग आधी तो घालू. तिकीट अजून माझ्याच नावावर पडलंय, रोज सकाळी त्याबद्दल विचारतात.

पप्पांच्या मशीनची नेटची वायर मी काढून ठेवलीय. फायली पेन ड्राइव्हवरून फोनवर घेतात आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करतात. त्या फोनलाही गेली दोन वर्षं अपडेट आलेलं नाही.