काकू रात्री कशासाठी जागायच्या

साताऱ्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सगळे माडीवर ओळीनं झोपायचो. काकांचं घोरणं जिन्याच्या खाली ऐकू यायचं. मध्येच ते एकदम थांबायचं. मग अंधारातून काकूंचा दबका आवाज यायचा, "अहो, कुशीवर व्हा." धाप लागल्यासारखा एक मोठा श्वास, आणि घोरणं पुन्हा सुरू. आवाजानं झोपमोड होते म्हणून काकू त्यांना हलवतात, असं आम्हा मुलांना वाटायचं. पण आवाज चालू असताना त्या निवांत असायच्या. तो थांबला की हलवायच्या.

साठी उलटल्यावर काका विसरू लागले. आधी नावं, मग दुकानाचा हिशेब, मग गल्लीतला रस्ता. "वय झालं" म्हणून घरानं ते स्वीकारलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पण काकांच्या झोपेबद्दल काकूंना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. विस्मरण त्यामुळेच आलं असं मी म्हणणार नाही, कारण झोपेची तपासणी कधी झालीच नाही. तो प्रश्न राहून गेला याची चुटपुट मात्र अजून आहे.

काकांना जे होत असावं त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. छाती जोर लावत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घसा उघडतो. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. श्वास 10 सेकंद किंवा अधिक काळ थांबला किंवा फारच उथळ झाला, तर तो खंड मोजला जातो. तासाला 5 खंडांपासून पुढे आजार धरतात, 30 पासून पुढे तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. अशा रात्री गाढ झोप लागणार कधी?

आणि गाढ झोपेतच मेंदूत काहीतरी महत्त्वाचं चालतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो वापरतो. एवढी चूल पेटती असली की राखही तेवढीच. ती बाहेर कशी जाते, याचा एक मार्ग अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं 2012 मध्ये उंदरांत दाखवला. मेंदूभोवतीचा नितळ द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं आत शिरतो आणि पेशींमधला गाळ घेऊन निघतो. उंदीर झोपला की पेशींमधली जागा सुमारे 60 टक्क्यांनी रुंदावते आणि अल्झायमरशी जोडलं गेलेलं बीटा-अमायलॉइड लवकर निघून जातं, असं त्याच गटानं 2013 मध्ये मांडलं. 2019 मध्ये बॉस्टन विद्यापीठात लॉरा लुईस यांच्या गटानं झोपलेल्या माणसांत याच द्रवाच्या लाटा पाहिल्या. साधारण दर 20 सेकंदांनी रक्त थोडं ओसरतं आणि त्या जागी द्रव येतो. ही लय संथ झोपेची. दर दोन मिनिटांनी दचकणाऱ्या मेंदूत ती टिकणं मला तरी कठीण वाटतं.

इथे घाई मात्र नको. 2024 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांत उलटंच दिसलं, झोपेत निचरा मंदावलेला. वाद मिटलेला नाही. "झोपेत मेंदू धुतला जातो" हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं, ते इतकं ठामपणे बोलू नये.

निचऱ्याचा वाद कसाही सुटो, काळजीचं कारण उरतंच. अमेरिकेत सरासरी 82 वर्षांच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास बिघडणाऱ्यांपैकी 44.8 टक्क्यांना सुमारे पाच वर्षांत बुद्धीची घसरण किंवा स्मृतिभ्रंश झाला, इतरांत 31.1 टक्क्यांना. त्यात ऑक्सिजन उतरण्याशी संबंध दिसला, नुसत्या झोपमोडीशी नाही. हे आपल्याकडे नसतं असंही नाही. मुंबईत 35 ते 65 वयाच्या पुरुषांच्या 2004 मधल्या पाहणीत 19.5 टक्क्यांचा श्वास झोपेत अडखळत होता. 7.5 टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती.

उपाय आहे. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये जगासमोर आणलं. पेंग त्यानं नक्की कमी होते. गेलेली स्मृती परत येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सहा महिन्यांच्या मोठ्या चाचणीत बुद्धीवरचा फायदा अगदी थोडा दिसला. म्हणून तर हे लवकर ओळखायला हवं, विसरणं सुरू होण्याच्या आधी. आणि घोरणाऱ्याला "झोप नीट लागत नाही" म्हणून मनानं गोळी देऊ नका. काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो, दारूनंही तसंच.

डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. श्वास थांबतो तेव्हाचं मिनिटभराचं मोबाइलचं चित्रण दाखवा. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणं, वर्तमानपत्र वाचताना डुलकी, हेही सांगा.

पण शेजारी कुणीच झोपत नसेल तर? रजोनिवृत्तीनंतर बायकांत हा त्रास वाढतो, आणि आपल्याकडे बाईचं घोरणं चारचौघांत काढायचं नसतं. काका जाऊन सहा वर्षं झाली. काकू आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, माडीवर एकट्याच झोपतात. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाल्या, "हल्ली सकाळी डोकं जड असतं गं, आणि गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही." तुम्ही घोरता का, असं विचारलं. "मला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

शनिवारी साताऱ्याला जाते आहे. अंथरूण काकूंच्या शेजारीच घालणार आहे.