डब्यातले सॉसेज, थाळीतले अंडे

सॉसेज, सलामी, नगेट्स ही नावे काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबई-ठाण्याच्या पलीकडे फारशी ऐकू येत नसत. आता शहापूर, आसनगाव, मुरबाडच्या बाजारपेठेतल्या दुकानांतही आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये शेजारी ही पाकिटे दिसतात. यामागे केवळ हौस नाही. आसनगाव, आटगाव, खर्डीहून पहाटेची लोकल पकडणारे आईवडील, मुरबाडच्या एमआयडीसीतल्या पाळ्या आणि सकाळी सातला भरणारी इंग्रजी माध्यमाची शाळा यांच्या मधल्या अर्ध्या तासात डबा भरायचा असतो. तव्यावर दहा मिनिटांत तयार होणारा आणि मूल उरवत नाही असा पदार्थ मिळाला, तर तो घेतला जाणारच. अशा घरांना नुसती नावे ठेवून काही होणार नाही. तेवढ्याच वेळात होणारे दुसरे काही सुचवायला हवे.

आधी धोका नेमका किती ते पाहू, कारण याबाबत घबराटही बरीच पसरवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात टाकले. तंबाखूही याच गटात आहे. पण गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो हिशेब आहे. तो प्रौढांवरच्या अभ्यासांतून आला आहे. महिन्यातून एकदा वाढदिवसाला सॉसेज खाल्लेल्या मुलाच्या आईने झोप उडवून घेऊ नये. रोजची सवय मात्र याच वयात लागते.

सॉसेज-सलामीचा तो गुलाबी रंग सोडियम नायट्राइटचा असतो. ते घालण्यामागे कारण आहे: बोट्युलिझमचे घातक जंतू त्यामुळे वाढत नाहीत. पण हेच नायट्राइट मांसातल्या घटकांशी संयोग पावून नायट्रोसामाइन तयार करते, आणि कडक तळण्याने त्यात भर पडते. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘२५०’ हा क्रमांक दिसला, की त्यात नायट्राइट आहे असे समजावे. नगेट्समध्ये ते बहुधा नसते. तिथे अडचण वेगळी. चिकनच्या बरोबरीने मैदा, स्टार्च आणि तेलाचे पैसे आपण देतो. मिठाचे प्रमाण दोन्हींत चढे. प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची मर्यादा त्याहूनही कमी.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे वीज. पावसाळ्यात तासन् तास वीज गेली, की दुकानातला फ्रीजर वितळतो आणि वीज आल्यावर पुन्हा गोठतो. पाकिटातले तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, आत बर्फाचा थर साचला असेल, तर ते पाकीट परत ठेवावे.

मग डब्यात द्यायचे काय? या दोन तालुक्यांना बाहेरून काही आणण्याची गरज नाही. सगळ्यात सोपे अंडे: पोळीवर फोडून, कांदा-कोथिंबीर घालून दोन्ही बाजूंनी भाजले की गुंडाळी तयार. उकडलेले अंडे द्यायचे तर सालासकट द्यावे, मूल शाळेत सोलून खाईल. सोललेले अंडे उन्हाळ्यात चार तास डब्यात ठेवू नये. सॉसेजचीच सवय लागलेल्या मुलासाठी रविवारी बिनहाडाचे चिकन आले-लसूण, हळद आणि थोडे मीठ लावून पूर्ण शिजवावे, गार करून लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि सोमवारी-मंगळवारी सकाळी पातळ चिरून तव्यावर परतून पोळीत किंवा पावात भरावे. दोन दिवसांपलीकडे ते ठेवू नये. चिकनच्या खिम्यात उकडलेला बटाटा आणि मूठभर नाचणीचे पीठ मिसळून केलेल्या टिक्क्या नगेट्सची जागा बऱ्यापैकी घेतात. लहान मुलाला फरक कळतो, हे मान्य करायला हवे. तीन-चार वेळा दिल्यावर मात्र बहुतेक मुले कुरकुर थांबवतात.

डब्यातले मांसाहारी पदार्थ कोरडे असावेत. रस्सा, ओला मसाला, कोमट असतानाच झाकण लावलेला डबा यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यांतल्या काहींचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. जेवणानंतर दोन-तीन तासांत एकाच घरातल्या दोन-तीन मुलांना उलट्या सुरू होतात, तेव्हा अनेकदा कारण हेच असते. भातालाही हा नियम लागू आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात घालू नये.

आणि सुकट. आठवडी बाजारात मिळणारा सुका जवळा धुऊन, वाळू काढून, लसूण-मिरचीवर कोरडा परतला की नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर उत्तम जेवण होते. जवळा सालासकट खाल्ला जातो, म्हणून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. शिवाय मासळी सोबत असली की धान्य-डाळींतले लोह अंगी लागण्यास मदत होते. जवळा आणि बोंबील सहसा उन्हात नुसते वाळवतात. खारवलेल्या मासळीत मात्र मीठ फार असते, ती मुलांना रोजची नको. सुकटीची खरी अडचण आहे तिचा वास. वर्गात डबा उघडला की शेजारचे मूल नाक मुरडते आणि ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या सुकट-भाकर खाल्ली गेली, ते मूल दुसऱ्या दिवशी वेफर्सचे पाकीट मागते. शिक्षकांनी इथे एक वाक्य बोलले तरी पुष्कळ फरक पडतो. न खाणाऱ्यांसाठी भातानंतरच्या ओलीवर येणारे वाल आणि हरभरा आहेतच: मोड आणून कोरडी उसळ, वर लिंबू. सोबत शेंगदाण्याची चटणी.

हे सारे झाले डबा नेणाऱ्या मुलांचे. पाड्यांवरची आणि जिल्हा परिषद शाळांतली मुले डबा नेत नाहीत, ती शाळेत जेवतात. दुपारी एक वाजता मुलाच्या पोटात प्रथिने कुठून जाणार, हा प्रश्न मात्र तिथेही तोच. फरक एवढाच, की उत्तर आईच्या नव्हे, शासनाच्या हातात आहे.

पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रथिने तांदळातूनच येतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज २३ ग्रॅम आहे. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, आणि ती उत्तम दर्जाची. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, त्यासाठी पाच रुपये धरले. अंडे न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक ठरवून त्यांचा खर्च लोकसहभागातून करावा, असे सांगण्यात आले.

मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे धान्य सोडून इतर साहित्यासाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. यातच डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन. त्यात अंडे बसवणे मुख्याध्यापकाला शक्य नाही. विसंगती याहून मोठी आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला महिन्यातून सोळा दिवस अंडे देण्याची तरतूद आहे. तेच मूल पहिलीत गेले की अंडे बंद! सहाव्या वाढदिवसाला शरीराची गरज संपत नाही, उलट वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि जवळपास ६९ टक्के रक्तक्षयी आढळली. हीच मुले आज वर्गात बसली आहेत. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून कुपोषणाच्या बातम्या जव्हार-मोखाड्याच्या येतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांची आठवण मग कमीच होते.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. टपरीवर टांगलेल्या पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा पाहिल्या, की तो किती पाळला जातो ते दिसते.

राहिला लोकसहभाग. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर गेलेला असतो, तिथे वर्गणी कोणाकडून गोळा करायची? शहरालगतच्या शाळेला दाता मिळेल, डोंगराकडेच्या शाळेला मिळणार नाही. म्हणजे जिथे अंड्याची गरज अधिक, तिथेच ते पोचणार नाही. एक मार्ग मात्र अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींपुढे आजही आहे. त्यांना पेसाचा पाच टक्के निधी थेट मिळतो आणि आरोग्य, शिक्षणासाठी तो कसा वापरायचा हे ग्रामसभा ठरवू शकते. पन्नास मुलांच्या शाळेत वर्षाचे चाळीस आठवडे, आठवड्याला एक अंडे, सात रुपये दराने धरले तर १४ हजार रुपये होतात. शहापूर तालुक्यातल्या ग्रामसभांनी हा विषय पटावर घ्यायला हरकत नाही. मुरबाडची जी गावे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यांच्याकडे हाही पैसा नाही. तिथे शासनाने आपला निर्णय फिरवण्यावाचून दुसरी वाट दिसत नाही.